खोक्यावरची पत्रिका आणि तुटलेले दाते

२०२५ हे वर्ष भारतीय विज्ञानाच्या बातम्यांत मोठ्या आकड्यांचे ठरले. १ फेब्रुवारी रोजी मांडलेल्या अर्थसंकल्पात पुढील पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये ५०,००० अटल टिंकरिंग लॅब उभारण्याची घोषणा झाली. १ जुलै रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने संशोधन, विकास आणि नवोन्मेषासाठी एक लाख कोटी रुपयांच्या योजनेला मान्यता दिली. दोन्ही घोषणांचे स्वागत झाले आणि ते योग्यच होते. मात्र या लॅबमधल्या पेटाऱ्यांत नऊ ग्रॅम वजनाची एक वस्तू हमखास असते. तिचे नाव सर्व्हो. यंत्रमानवाचा हात, छोट्या विमानाचा पंख, रेडिओनियंत्रित गाडीचे सुकाणू, असे सगळे तीच वळवते. ही वस्तू किती दिवस टिकेल, हे तिच्या खोक्यावर कोठेही छापलेले नसते आणि तसे कोणी विचारतही नाही. भारतीय अभियांत्रिकी शिक्षणातील एक जुने दुखणे या न विचारलेल्या प्रश्नात दडलेले आहे.

या दुखण्याची तपासणी वाराणसीत करणे उचित ठरेल, कारण यंत्रविद्येच्या शिक्षणाची तेथील परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. पंडित मदनमोहन मालवीय यांच्या पुढाकाराने १९१६ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठ स्थापन झाले. १९१९ मध्ये तेथे बनारस इंजिनिअरिंग कॉलेज सुरू झाले आणि चार्ल्स ए. किंग त्याचे पहिले प्राचार्य झाले. पुढे १९६८ मध्ये तीन महाविद्यालये एकत्र येऊन तंत्रज्ञान संस्था घडली आणि २०१२ मध्ये तिला आयआयटीचा दर्जा मिळाला. या संस्थेचा ‘टेक्नेक्स’ हा तंत्रमहोत्सव दरवर्षी भरतो. देशातील बहुतेक मोठ्या अभियांत्रिकी संस्थांत असे महोत्सव भरतात आणि रेडिओनियंत्रित गाड्यांची शर्यत हे त्यांतल्या अनेकांचे आवडते आकर्षण असते.

अशा शर्यतींत एक दृश्य पुन्हापुन्हा दिसते. महिनाभर जागून बांधलेली गाडी सुटते, सरळ रस्त्यावर झेप घेते, पहिल्या किंवा दुसऱ्या वळणावर कडेच्या टायरला घासते आणि त्यानंतर वळतच नाही. मोटर फिरत असते, बॅटरी भरलेली असते, रेडिओचा संकेत पोहोचत असतो. पुढची चाके मात्र एका बाजूला लटकलेली असतात. गाडी उघडली की सर्व्होच्या डबीत प्लॅस्टिकचा चुरा नाहीतर पितळेचा भुगा सापडतो. मग एक वाक्य ऐकू येते, “पुढच्या वेळी जास्त किलोचा घेऊ.” हे वाक्य चुकीचे आहे. ते कोठे चुकते हे ध्यानात घेतले, तर पेटाऱ्यातल्या त्या नऊ ग्रॅमचा प्रश्नही सुटू लागतो.

सर्व्होच्या डबीत चार गोष्टी असतात: एक लहान मोटर, तिचा वेग कमी करून जोर वाढवणारी दातेरी चाकांची माळ, शेवटच्या दांड्याचा कोन मोजणारा पोटेन्शिओमीटर आणि या तिघांना जोडणारे इलेक्ट्रॉनिक मंडल. रिसीव्हरकडून साधारणतः दर २० मिलिसेकंदांनी एक विद्युतस्पंद येतो. त्याची लांबी १.५ मिलिसेकंद असेल तर दांडा मध्यावर राहतो. १ किंवा २ मिलिसेकंद असेल तर तो एका वा दुसऱ्या टोकाकडे जातो. मंडल हवा असलेला कोन आणि प्रत्यक्षातला कोन यांतील फरक पाहते आणि तो मिटेपर्यंत मोटर फिरवते.

या कल्पनेचा जन्मच सुकाणूसाठी झाला. फ्रेंच अभियंता जोसेफ फार्को याने वाफेच्या जोरावर जहाजाचे सुकाणू वळवणारी यंत्रणा रचली आणि १८७३ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. ‘सर्व्हो-मोटर’ हा शब्द त्यानेच रूढ केला. १८९८ मध्ये निकोला टेस्लाने न्यूयॉर्कमध्ये रेडिओने चालणारी छोटी नौका दाखवली, तेव्हाही दुरून वळवायचे होते ते सुकाणूच. रेडिओनियंत्रित गाडीतील सर्व्हो हा त्या घराण्याचा सर्वांत धाकटा वंशज आहे. त्याला खेळण्याचा भाग म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी ही वंशावळ एकदा पाहावी.

आता खोक्यावरचा आकडा पाहू. ‘१० किलो’, ‘२० किलो’ असे जे ठळक छापलेले असते, ते खरे तर किलोग्रॅम-सेंटिमीटर असते. दांड्याच्या केंद्रापासून एक सेंटिमीटर अंतरावर तेवढे वजन टांगले, तर सर्व्हो ते जेमतेम पेलून धरतो आणि त्यापलीकडे हलू शकत नाही, असा त्याचा अर्थ. ही थांबण्याची मर्यादा झाली, कामाची नव्हे. या टोकावर मोटरचे यांत्रिक कार्य शून्य असते आणि तिला मिळणारी जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊन डबीत कोंडते. बाजारात ‘९९६’ या क्रमांकाने ओळखला जाणारा, सुमारे ५५ ग्रॅमचा धातूच्या दात्यांचा सर्व्हो ६ व्होल्टवर अडवून धरला तर सुमारे २.५ अँपिअर प्रवाह घेतो, असे त्याच्या माहितीपत्रकात नमूद असते. म्हणजे १५ वॅट उष्णता, तीही काडेपेटीहून थोड्याच मोठ्या, बंद प्लॅस्टिकच्या डबीत. काही सेकंद हे चालते, काही मिनिटे चालत नाही. साधारण मोटर तिच्या अडलेल्या जोराच्या निम्म्यावर सर्वाधिक शक्ती देते आणि दीर्घकाळ सुखाने चालायची असेल तर भार त्याहूनही कमी, एक तृतीयांश वा एक चतुर्थांश, ठेवावा लागतो. म्हणून खोक्यावरचे ‘१०’ हे प्रत्यक्ष कामात अडीच-तीन असतात. या तिसऱ्या हिश्श्याचा उल्लेख खोक्यावर नसतो.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर आहे. साध्या बॉल-बेअरिंगच्या तक्त्यात ‘एल-१०’ नावाचे आयुष्य दिलेले असते: ठरावीक भाराखाली दहा टक्के बेअरिंगे निकामी होईपर्यंत किती फेरे होतील, याचा तो अंदाज. भार दुप्पट केला तर ते आयुष्य आठव्या हिश्श्यावर येते, हेही त्याच शास्त्राने सांगितले आहे. यंत्र अभियांत्रिकीचा विद्यार्थी ही गणिते परीक्षेत सोडवतो आणि त्यांत पूर्ण गुण मिळवतो. तोच विद्यार्थी सर्व्हो घेताना आयुष्याचा आकडा न मागता फक्त जोराचा आकडा वाचतो. वर्गात शिकलेले शास्त्र दुकानाच्या उंबरठ्यावर गळून पडते, ते असे.

खोक्यावरचा आकडा तपासल्याविना मानणे आणि जन्मपत्रिका तपासल्याविना मानणे यांत प्रकृतीचा फरक नाही. वाराणसीचेच एक मराठी नाव येथे आठवते. विष्णू वासुदेव नारळीकर १९३२ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे विभागप्रमुख म्हणून गेले. त्यांचे चिरंजीव जयंत नारळीकर त्या विद्यापीठाच्या परिसरात वाढले आणि १९५७ मध्ये तेथूनच बी.एस्सी. झाले. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा बहुतेक लेखांत विश्वाची उत्पत्ती आणि विज्ञानकथा यांवर भर होता. त्यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रात केलेला एक साधा प्रयोगही तितकाच मोलाचा आहे. हुशार विद्यार्थी आणि बौद्धिक अक्षमता असलेली मुले अशा दोन गटांतील प्रत्येकी शंभर मुलांच्या पत्रिका मिसळून ज्योतिष्यांना पाठवण्यात आल्या आणि कोणती पत्रिका कोणत्या गटाची, हे ओळखण्यास सांगण्यात आले. प्रत्येकाला चाळीस पत्रिका मिळाल्या. ज्या २७ जणांनी उत्तरे पाठवली, त्यांचे सरासरी यश ४६ टक्के भरले. नाणे उडवले असते तरी ५० टक्के मिळाले असते. २००९ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

या प्रयोगाला दुर्बीण लागली नाही, कोट्यवधींचा निधी लागला नाही. दावा नेमक्या शब्दांत मांडणे, पुरेसे नमुने घेणे, मोजणे आणि निकाल लोकांपुढे ठेवणे एवढ्या चार पायऱ्या होत्या. ‘२० किलो, धातूचे दाते, जलरोधक’ हाही एक दावा आहे. त्याला या चार पायऱ्या चढायला लावणारी महाविद्यालये देशात किती निघतील?

‘धातूचे दाते घेतले की प्रश्न मिटला’ हा या क्षेत्रातला सर्वांत लोकप्रिय समज. त्याची परीक्षा कागदावरच घेता येते. दीड किलोची गाडी सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर वेगाने कठड्यावर आदळली आणि सेकंदाच्या पन्नासाव्या भागात थांबली, असे धरू. सरासरी बल ७५० न्यूटन येते, म्हणजे सुमारे ७६ किलोचा दाब. त्याचा केवळ सातवा हिस्सा एका पुढच्या चाकावर, त्याच्या वळणाच्या खिळीपासून दोन सेंटिमीटरवर पडला, तरी खिळीभोवती सुमारे २२ किलोग्रॅम-सेंटिमीटरचा पीळ बसतो. दुव्यांच्या लांबीनुसार सर्व्होपर्यंत पोहोचताना तो कमीजास्त होईल; पण दहा किलोच्या सर्व्होला तो भारी पडणार, हे उघड आहे. शिवाय हा पीळ उलट दिशेने, चाकाकडून मोटरकडे येतो. दातेरी माळेचे गुणोत्तर २०० धरले, तर उलट दिशेने पाहता मोटरच्या फिरत्या भागाचे जडत्व २०० चा वर्ग, म्हणजे ४०,००० पट भासते. बाहेरचा दांडा क्षणार्धात वळू पाहतो आणि त्याच्यासमोर जणू भिंत उभी असते. ही भिंत आणि कठडा यांच्यामध्ये दाते सापडतात. प्लॅस्टिकचे दाते तुटतात, मऊ पितळेचे वाकतात, पोलादाचे टिकले तर धक्का दांड्यावर, हॉर्नवर किंवा डबीच्या कानांवर जातो. धातूमुळे कमकुवत जागा नाहीशी होत नाही. ती शेजारी सरकते.

या धक्क्यावरचा खरा उपाय स्वस्त आणि जुना आहे. तो म्हणजे सर्व्हो सेव्हर, सुकाणूच्या दुव्यात बसवलेली स्प्रिंग. नेहमीच्या वळणात ती ताठ राहते आणि धक्क्याच्या क्षणी दबून दात्यांना वाचवते. ती फार सैल असेल तर गाडी रेंगाळत वळते, फार घट्ट असेल तर दाते वाचत नाहीत. तिचा नेमका ताण शोधणे हेच अभियांत्रिकीचे काम. मात्र ती कोणत्याही खोक्यावर ठळक छापलेली नसते, म्हणून विद्यार्थी तिच्याकडे लक्ष देत नाही.

दाते तुटण्याची आणि मोटर जळण्याची इतर कारणेही अशीच बिनखर्चिक आहेत. ट्रान्समीटरवर सुकाणूची टोके बांधली नाहीत, तर चाके वळण्याच्या हद्दीला टेकल्यानंतरही सर्व्हो ढकलत राहतो. प्रत्येक वळणावर तो त्या १५ वॅटच्या भट्टीत बसतो. हॉर्नच्या भोकातले दाते जुळले नाहीत, तरी घात होतो: काही कंपन्यांच्या दांड्यावर २५ दाते असतात, काहींच्या २४, काहींच्या २३. दिसायला सारखे वाटणारे हॉर्न जोर लावून बसवले की पहिल्या धक्क्याला सरकतात आणि दोष सर्व्होवर येतो. तिसरे कारण वीजपुरवठा. मोटर-नियंत्रकातून मिळणारा प्रवाह जर सर्व्होच्या ऐनवेळच्या मागणीपेक्षा कमी असेल, तर व्होल्टता कोसळते, रिसीव्हर क्षणभर बंद पडतो आणि गाडी प्रेक्षकांच्या दिशेने सुटते. येथे प्रश्न टिकाऊपणापुरता राहत नाही, सुरक्षिततेचा होतो. चौथे कारण वाराणसीच्या मातीतच आहे. गंगेच्या मैदानातील गाळाची धूळ पिठासारखी बारीक असते आणि उन्हाळ्यात तेथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. ही धूळ सर्व्होच्या फटीतून पोटेन्शिओमीटरच्या पट्टीवर बसली की कोनाचे मोजमाप बिघडते. सर्व्हो जागच्या जागी थरथरू लागतो आणि त्या थरथरीत दाते झिजतात. थंड हवेच्या बंदिस्त सभागृहातील शर्यतीसाठी निवडलेला सर्व्हो काशीच्या मैदानावर तसाच वागेल, असे मानणे भाबडेपणाचे आहे.

मग निवड कशी करावी? प्रथम गाडी कोणती ते पाहावे. गुळगुळीत पृष्ठभागावर धावणाऱ्या एक-दशांश प्रमाणाच्या हलक्या गाडीला अफाट जोर लागत नाही, तिला चपळाई लागते. सर्व्होची चपळाई ६० अंश वळायला लागणाऱ्या वेळात मोजतात. एकाला ०.२० सेकंद आणि दुसऱ्याला ०.१० सेकंद लागत असतील, तर सेकंदाला १० मीटर धावणारी गाडी पहिल्याच्या बाबतीत पूर्ण वळण मिळेपर्यंत एक मीटर जास्त पुढे गेलेली असते. खडबडीत मैदानावरच्या, जाड टायरांच्या एक-अष्टमांश गाडीला मात्र जोर हवा आणि मजबूत डबीही हवी. एकाच मोटरमधून दोन्ही गोष्टी फुकट मिळत नाहीत, कारण दातेरी माळेचे गुणोत्तर वाढवले की जोर वाढतो आणि वेग घटतो. त्यानंतर वीज किती मिळते ते पाहावे, मग धूळ आणि पाणी, आणि शेवटी किंमत. बहुतेक विद्यार्थी ही यादी नेमकी उलटीकडून वाचतात.

या सगळ्यावर तीन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा की, ही खेळणी आहेत आणि त्यांच्यावर एवढा विचार कशाला. या आक्षेपाला उत्तर देण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. विमानाच्या पंखावरील पृष्ठ हलवणारी, प्रक्षेपकाच्या इंजिनाचे तोंड वळवणारी, कृत्रिम हाताची बोटे मिटवणारी यंत्रणा याच तत्त्वावर चालते: आज्ञा, मोजमाप, फरक, दुरुस्ती. तेथे जाणारा अभियंता सर्व्होच्या अपयशाशी पहिली ओळख कोठे करून घेणार? दोनशे रुपयांच्या गाडीच्या भागावर ती ओळख झाली, तर देशाचा मोठा खर्च वाचतो.

दुसरा आक्षेप पैशाचा. चांगला शर्यतीचा सर्व्हो काही हजार रुपयांना येतो आणि विद्यार्थ्याच्या खिशात तेवढे पैसे नसतात, हे खरे. या आक्षेपात तथ्य आहे आणि म्हणूनच त्याचा निष्कर्ष उलटा निघतो. ज्याच्याकडे पैसे भरपूर आहेत, त्याला मोजल्यावाचून महाग वस्तू घेता येते. ज्याच्याकडे ते नाहीत, त्यालाच मोजण्याची खरी गरज आहे. एकामागून एक पाच स्वस्त सर्व्हो जाळणारा संघ अखेरीस एका चांगल्या सर्व्होची किंमत मोजतो आणि वर शर्यतही हरतो.

तिसरा आक्षेप स्वदेशीचा. ‘हे सगळे परदेशी भाग, आपल्याकडे बनू लागले की प्रश्न आपोआप सुटेल,’ असे म्हटले जाते. येथे ड्रोनचे उदाहरण बोलके आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये ड्रोन आणि त्यांच्या भागांच्या उत्पादनासाठी १२० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना आली. ९ फेब्रुवारी २०२२ रोजी तयार ड्रोनच्या आयातीवर काही अपवाद वगळता बंदी आली. सुट्या भागांची आयात मात्र मोकळी राहिली. म्हणजे सांगाडा देशात जुळतो आणि आतला स्नायू बाहेरून येऊ शकतो. तो स्नायू देशात घडावा, ही इच्छा रास्त आहे. पण ग्राहकाला चांगला आणि वाईट यांतला फरक मोजता येत नसेल, तर देशी कारखानदाराने चांगला सर्व्हो बनवावा तरी कोणासाठी? त्याचा प्रामाणिक ‘८’ हा आकडा दुसऱ्याच्या फुगवलेल्या ‘२०’ पुढे बाजारात पहिल्याच दिवशी हरतो. मोजणारा ग्राहक हा स्वदेशी उद्योगाचा पहिला भागीदार असतो.

वाराणसीला हे शिकवायला बाहेरून कोणी यावे लागत नाही. शहराच्या एका टोकाला रेल्वे इंजिनांचा कारखाना आहे. १९६४ मध्ये तेथून पहिले डिझेल इंजिन बाहेर पडले आणि २०२० मध्ये त्याचे नाव बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स झाले. रेल्वेत इंजिन किती अश्वशक्तीचे एवढे विचारून कोणी थांबत नाही. कोणती तपासणी किती दिवसांनी, कोणता भाग कधी बदलायचा, याचे वेळापत्रक त्याच्या जन्मापासून त्याच्याबरोबर चालते. शहराच्या गल्ल्यांत जॅकार्डचे हातमाग चालतात. तेथील विणकराला धोटा कोणत्या छापाचा यापेक्षा तो किती साड्या टिकला, हे अधिक महत्त्वाचे वाटते. कारखाना आणि माग या दोन्ही ठिकाणी टिकाऊपणाची भाषा रोज बोलली जाते. तंत्रमहोत्सवाच्या मैदानावर आणि शाळेच्या लॅबमध्येच ती मुकी होते.

ती बोलती करण्यासाठी लागणारी सामग्री प्रत्येक टिंकरिंग लॅबमध्ये आधीच असते: एक मायक्रोकंट्रोलर, प्रवाह मोजणारा संवेदक, तापमापक, लाकडाची फळी, स्प्रिंग आणि कागद. सर्व्हो फळीवर घट्ट बसवावा, दांड्यावर दहा सेंटिमीटर लांबीचा काटा लावावा आणि स्प्रिंगच्या ताणाविरुद्ध त्याला डावीउजवीकडे फिरवत ठेवावे. सेकंदाला एक फेरा धरला, तर एका दिवसात ८६,४०० फेरे होतात. पाच मिनिटांच्या शर्यतीत लहानमोठी पाचशे वळणे आणि हंगामात सरावासह चाळीस फेऱ्या धरल्या, तर सर्व्होच्या वाट्याला वीस हजार वळणे येतात. म्हणजे पूर्ण हंगामाची झीज सहा तासांत फळीवर उतरते. दर हजार फेऱ्यांनंतर काट्याची ढिलाई मोजावी. दहा सेंटिमीटरच्या टोकाला एक अंश म्हणजे सुमारे पावणेदोन मिलिमीटर, शाळेच्या पट्टीने सहज वाचता येईल एवढे अंतर. ढिलाई तीन अंशांपुढे गेली की तो सर्व्हो संपला असे मानावे. धक्क्याची परीक्षा वेगळी घ्यावी: अर्धा किलोचा लोलक वीस सेंटिमीटर उंचीवरून सोडला की सुमारे एक ज्यूल ऊर्जा मिळते. सेव्हरसह आणि सेव्हरविना किती आघात सोसले, ते मोजावे. प्रत्येक प्रकारचे निदान पाच नग तपासावेत, कारण एका नगावरून काढलेला निष्कर्ष हीही एक पत्रिकाच.

या कामाला शोधनिबंधाचा मान मिळणार नाही, पण त्यातून इयत्ता आठवीची विद्यार्थिनी चार गोष्टी शिकेल: दावा आणि पुरावा यांतील अंतर, सरासरी आणि विखुरलेपण, उष्णता आणि प्रवाहाचा संबंध, आणि आपल्या हाताने मोजलेल्या आकड्याचा आत्मविश्वास. पाठ्यपुस्तकातील कोणत्याही एका धड्यात या चारही गोष्टी एकत्र सापडत नाहीत.

म्हणून मागण्या तीनच आहेत आणि तिन्ही तातडीच्या आहेत. पहिली खरेदीची. ज्या यादीत ‘सर्व्हो मोटर, दहा नग’ एवढेच लिहिलेले असते, ती यादी वस्तू घेण्यासाठी नसून हिशेब संपवण्यासाठी असते. कामाचा भार, व्होल्टता, अडलेल्या स्थितीतील प्रवाह आणि ठरावीक भाराखाली किमान फेरे, या चार रकाने नसलेल्या निविदेवर सार्वजनिक पैसा खर्च होऊ नये. दुसरी स्पर्धांची. तंत्रमहोत्सवांनी गुणांचा काही हिस्सा संघाच्या नोंदवहीला द्यावा: कोणता भाग का निवडला, तो किती चालला, का मोडला. बिघाडाची प्रामाणिक नोंद करणाऱ्या संघाला शर्यत हरूनही काही मिळाले पाहिजे. सुकाणूची टोके, वीजपुरवठा आणि संकेत तुटल्यावर गाडी थांबते की नाही, यांची तपासणी झाल्याविना एकही गाडी मैदानात उतरू नये. तिसरी मागणी प्रकाशनाची. एका लॅबने मोजलेले तक्ते त्याच लॅबच्या कपाटात बंद राहू नयेत. दहा शाळांनी दहा प्रकारचे सर्व्हो तपासून निकाल खुले केले, तर अकराव्या शाळेला फसवणे अवघड जाईल.

अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून दहा हजारांच्या घरात लॅब उभ्या केल्या आणि प्रत्येकीसाठी २० लाख रुपयांपर्यंतच्या अनुदानाची तरतूद ठेवली. त्यांत आणखी पन्नास हजारांची भर पडायची आहे. प्रत्येकीत केवळ वीस सर्व्हो गेले, तरी ते दहा लाख होतात. हे दहा लाख सर्व्हो दोन प्रकारे संपू शकतात. पहिल्या सत्रात दाते तुटून ते कपाटाच्या तळाशी जातील आणि मुलांच्या मनात एवढेच उरेल की यंत्रे बिघडतात आणि नवी आणावी लागतात. किंवा ते फळीवर, मोजत मोजत, मुद्दाम झिजवून संपतील आणि त्यांच्या शेवटाची तारीख व फेऱ्यांची संख्या एखाद्या वहीत राहील. दोन्ही प्रकारांत खर्च तेवढाच येतो. त्यांतला कोणता देशाच्या वाट्याला यावा, हे लॅब उघडण्याच्या दिवशी फीत कापणाऱ्यांनी ठरवायचे आहे, आणि ते ठरवणार नसतील तर शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी.

#विज्ञान #अभियांत्रिकी #वाराणसी #टिंकरिंगलॅब